मढं हलवू नका: बिबट्या-लांडग्यानं जनावर मारलं तर कायदा काय करू देतो

बिबट्यानं गोठ्यात शेळी मारली की पहिल्या तासाभरात बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. बायकापोरं भेदरलेली असतात, गावातली कुत्री घोटाळायला लागतात, ऊन चढलं की वास सुटणार हे दिसत असतं. म्हणून कुणीतरी मढं उचलतं आणि ओढ्याच्या कडेला नेऊन टाकतं. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण तेवढ्यानं घराचा दहा-पंधरा हजारांचा हक्क निसटू शकतो. वनखात्याच्या माणसाला जे बघायचं असतं ते सगळं त्या मढ्याभोवतीच्या चार पावलांत असतं: ओढल्याची रेघ, पायाचे ठसे, मानेवरच्या दातांच्या खुणा, रक्त कुठं सांडलं ती जागा. मढं हललं की हे सगळं पुसतं. मग "कुत्र्यांनी मारली असेल" असं कुणी म्हटलं, तर मालकाकडे त्यावर उत्तर उरत नाही.

हे मढं एवढं मोलाचं का, हे कळायला कायद्यातले दोन शब्द नीट समजून घ्यावे लागतात. एक 'शिकार', दुसरा 'मालमत्ता'.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आधी सहा अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्या होत्या, आता चार आहेत. शेतकऱ्याचा संबंध पहिल्या दोनशी. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांना सर्वांत कडक संरक्षण आहे. वाघ, बिबट्या आणि लांडगा तिथं आहेत. रानडुक्कर आणि नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत.

शिकार म्हणजे बंदूक घेऊन रानात जाणं, असा आपला समज. कायद्यातली शिकार त्याहून कितीतरी मोठी आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फास किंवा सापळा लावणं, हाका घालून कोंडणं, आमिष ठेवणं, जखमी करणं, आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. कलम ९ नं ती बंद केली आहे. म्हणजे मेलेल्या शेळीवर कीटकनाशक ओतून ठेवलं आणि बिबट्या त्या रात्री फिरकलाच नाही, तरी गुन्हा घडून गेलेला असतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. दुसऱ्यांदा तोच गुन्हा केला तर दंड किमान १ लाख. किमान शिक्षा कायद्यानंच ठरवून दिलेली आहे, त्यामुळे "पहिलीच वेळ आहे, गरीब माणूस आहे" म्हणून न्यायालयालाही तिच्याखाली सहज जाता येत नाही.

आता 'मालमत्ता'. कलम ११ मध्ये शिकारीची परवानगी कधी देता येते ते लिहिलं आहे, आणि तिथं दोन्ही अनुसूचींना वेगळा न्याय आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, उभ्या पिकालासुद्धा, धोकादायक झाला तर परवानगी देता येते. रानडुकरासाठी पिकाच्या नुकसानीचं कारण दाखवून अर्ज करता येतो तो यामुळेच. पहिल्या अनुसूचीच्या बाबतीत मात्र 'मालमत्ता' हा शब्दच नाही. तिथं कारणं दोनच: प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे, किंवा तो बरा न होण्याइतका जायबंदी अथवा आजारी आहे. शिवाय त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी खात्री पटल्याशिवाय मारण्याचा आदेश निघत नाही. तो आदेश लेखी हवा, त्यात कारणं हवीत, आणि तो काढण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा. हे कार्यालय नागपूरला आहे.

शेळी, मेंढी, कालवड कायद्याच्या नजरेत मालमत्ता. त्यामुळे एका वाड्यातली वीस मेंढरं एका रात्रीत गेली, तरी तेवढ्या कारणावर बिबट्या किंवा लांडगा मारण्याचा आदेश कुणालाच काढता येत नाही. ग्रामसभेचा ठराव, सरपंचाचं पत्र, तहसीलदारांचा शेरा यांनी हा अधिकार तयार होत नाही. 'उपद्रवी' जाहीर करण्याची कलम ६२ ची वाटही इथं बंद आहे, कारण पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला ती लागूच होत नाही. स्थानिक वनकर्मचाऱ्यावर "परवानगी का देत नाही" म्हणून राग काढण्यात अर्थ नसतो. त्याच्या हातात ती नसतेच.

मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून बऱ्याच जणांचा इथं गोंधळ होतो. तिथला कोयोट हा लांडग्याचाच धाकटा भाऊबंद, कोकरं आणि वासरं मारतो. देशपातळीवरच्या कायद्यानं त्याला संरक्षण नाही. नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. टेक्सासमध्ये जनावरांच्या मागे लागलेला कोयोट जमीनमालक शिकार परवान्याशिवाय मारू शकतो. कॅलिफोर्नियात मारता येतो, पण पोलादी जबड्याचे सापळे १९९८ च्या जनमतानं बंद झाले. पण या मोकळीकीची दुसरी बाजू त्या व्हिडिओत दिसत नाही. तिथल्या केंद्र सरकारची पशुधन भरपाई योजना हल्ल्यांचा विचार करते तो संरक्षित किंवा सरकारनं पुन्हा रानात सोडलेल्या प्राण्यांच्या हल्ल्यांचा. कोयोट दोन्हीत बसत नाही, म्हणून त्या योजनेतून त्याच्या तोंडी गेलेल्या कोकराचे पैसे मिळत नाहीत. आपल्याकडे उलट आहे. कायद्यानं मारण्याचा मार्ग बंद केला, आणि म्हणून नुकसानीचा भार सरकारवर घातला. आपल्या शेतकऱ्याचं हत्यार म्हणजे पंचनामा, आणि ते नीट चालवता यायला हवं.

स्वतःच्या जिवाचा प्रश्न वेगळा. कलम ११ च्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट म्हटलंय की स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा बचाव करताना, सद्भावनेनं, वन्यप्राणी मेला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा नाही. अट एकच: त्या वेळी तो माणूस कायदा मोडणारं काही करत नसावा. लक्षात ठेवायचं ते असं, की हे संरक्षण माणसाच्या बचावाला आहे, शेळीच्या नाही. बिबट्यानं शेळी धरली म्हणून मागून कुऱ्हाड घातली, तर हे कलम पाठीशी उभं राहत नाही. शेळी सोडवायला गेलेल्या माणसावर तो उलटला आणि त्या झटापटीत कुऱ्हाड लागली, तर राहतं. असं झालंच तर प्राण्याला हात लावू नका, नख-मिशीचा केससुद्धा काढू नका. मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता असतो आणि त्याची खबर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे पोचली पाहिजे. लपवलं की बचावाचं प्रकरण शिकारीचं होतं.

रात्रीच्या अंधारात केले जाणारे इतर उपाय थोडक्यात. तारेत थेट २३० व्होल्टचा प्रवाह सोडणं सर्वांत घातक, कारण पहिला बळी बहुधा पहाटे पाणी धरायला गेलेला शेजारी असतो. माणूस गेला तर मनुष्यवधाचा खटला, प्राणी गेला तर वन्यजीव कायदा, आकडा टाकलेला असेल तर वीज कायद्याचं कलम १३५. सौर कुंपणाचं यंत्र वेगळं. ते सेकंदा-सव्वा सेकंदाला क्षणभराचा झटका देतं, पकडून ठेवत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकला तर "मला डुक्कर धरायचं होतं" हा बचाव नाही. परवानगीशिवाय डुकराचा फासही शिकारच. विषानं गिधाडं, घारी, घरची कुत्री जातात. शिवाय मढ्यात विष सापडलं की भरपाई बाजूला राहते आणि गुन्हा उभा राहतो. लांडग्याच्या बिळात धूर करून पिल्लं मारणं हाही पहिल्या अनुसूचीतला गुन्हा आहे.

"निदान पिंजरा तरी लावा" ही मागणी सगळीकडे होते. पकडणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं, म्हणून पिंजऱ्यालाही वरून लेखी मंजुरी लागते. बिबट्या दिसला किंवा शेळी मारली, तेवढ्यावर ती सहसा मिळत नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. २००१ च्या आसपास जुन्नर भागात बरेच बिबटे पकडून दूर जंगलात सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्या काळाचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की सोडल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी घराकडे वाट काढतो, वाटेत वस्त्या लागतात. इकडे मोकळ्या झालेल्या उसात दुसरा बिबट्या येऊन बसतो. केंद्रानं २०११ साली मानव-बिबट्या संघर्षाबद्दल दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनीही पकडून लांब सोडण्याच्या पद्धतीविरुद्धच सल्ला दिला. माणसावर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथं पिंजऱ्याची मागणी आग्रहानं आणि लेखी करा.

आता भरपाई. महाराष्ट्राच्या ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयातले दर असे आहेत. गाय, म्हैस किंवा बैल मेला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यातली कमी असलेली रक्कम. शेळी, मेंढी आणि इतर पशुधनासाठी ७५ टक्के किंवा १५,०००, यातली कमी. गाय-म्हैस-बैलाला कायमचं अपंगत्व आलं तर ५० टक्के किंवा १५,०००. जखमी जनावराच्या औषधपाण्यासाठी २५ टक्के किंवा ५,०००. बिबट्या, वाघ, लांडगा यांच्याबरोबर तरस, कोल्हा, रानकुत्रा यांचे हल्लेही यात येतात. गावची मोकाट कुत्री येत नाहीत.

'यातली कमी' हे शब्द हिशेबात फार महत्त्वाचे आहेत. १२,००० ची शेळी गेली तर ७५ टक्के म्हणजे ९,०००. तेवढेच मिळतील, १५,००० नाही. २०,००० च्या शेळीला पूर्ण १५,००० मिळतात. त्याहून महाग बोकड असला तरी १५,००० च्या वर जात नाही. सव्वा लाखाची म्हैस असली तरी ७०,००० ला मर्यादा. म्हणजे साध्या शेळीचा भाव दोन हजारांनी कमी लिहिला गेला की दीड हजार रुपये गेले. भाव पशुवैद्यकाच्या मूल्यांकनावर ठरतो, म्हणून तो दाखला लिहिला जात असताना मालक तिथं हजर हवा. गाभण होती का, कितव्या वेताची, दूध किती देत होती, वय किती, जात कोणती, हे सांगा. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक द्या. बिल्ला मालकीचाही पुरावा असतो, आणि तो नसला की पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यासाठी धावाधाव होते. लसीकरणाच्या वेळी बिल्ला मारून घ्यायला टाळाटाळ करणाऱ्यांना त्याची किंमत अशा दिवशी कळते.

खबर ४८ तासांच्या आत पोचली पाहिजे, पण वाट बघू नका. उन्हाळ्यात मढं दुपारपर्यंत फुगतं आणि खुणा बिघडतात. वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी कार्यालयाला फोन करा. कुणाचा नंबर नसेल तर वनखात्याची मदतवाहिनी १९२६. पोलीस पाटलालाही सांगून ठेवा, म्हणजे वेळेला साक्षीदार राहतो. किती वाजता कुणाशी बोलणं झालं ते लिहून ठेवा.

लोक येईपर्यंत करायचं ते एवढंच. मढ्याचे चारही बाजूंनी फोटो काढा, मानेचा जवळून एक, आणि एक असा की मागे तुमचा गोठा किंवा ओळखीचं झाड दिसेल. ठसा सापडला तर त्यावर घमेलं पालथं घाला. पाखरं, कोंबड्या आणि माणसांच्या चपला ठसा दहा मिनिटांत मोडतात. मढ्यावर बाभळीच्या फांद्या टाका म्हणजे कुत्री तोंड लावणार नाहीत. ओढल्याची रेघ असेल तर तिच्यावरून चालू नका, बाजूनं चला. मढं उसात ओढत नेलेलं असेल तर आत शिरू नका. बिबट्या शिकारीजवळच बसलेला असू शकतो. कातडं काढणं, मटण वाटून घेणं या दोन गोष्टींनी चांगले दावे बुडतात.

पंचनाम्याला आलेला माणूस काय बघतो ते माहीत असलेलं बरं. बिबट्या गळा किंवा मानेचा मागचा भाग धरतो. तिथं मोजकी, खोल भोकं दिसतात, बाकी अंगावर फार चावे नसतात. त्याच्या ठशात चार बोटं असतात, नखं उमटत नाहीत, आणि गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. कुत्र्यांनी मारलं असेल तर कान, शेपटी, मांड्या फाटलेल्या असतात, बरीच जनावरं जखमी असतात आणि खाल्लेलं थोडं असतं. लांडग्याचं प्रकरण अवघड. त्याचा ठसा मोठ्या कुत्र्यासारखाच, नखांसकट. जाणत्यालाही नुसत्या ठशावरून फरक सांगता येत नाही. म्हणून लांडग्याच्या हल्ल्यात ज्यानं डोळ्यानं पाहिलं त्याचा जबाब पंचनाम्यात यायला हवा. पशुवैद्यक मानेचं कातडं थोडं सोलून बघतात. दात लागले तेव्हा जनावर जिवंत असेल तर कातड्याखाली रक्त साकळलेलं असतं. आजारानं मेलेल्या जनावराला नंतर कुणी खाल्लं असेल तर तसं साकळलेलं दिसत नाही. भोकं बाहेरून सारखी दिसली तरी हे लपत नाही.

बंद गोठ्यात शिरलेला बिबट्या कधी कधी पाच-सहा शेळ्या मारतो आणि एकच खातो. प्रत्येक जनावराची भरपाई वेगळी असते, म्हणून पंचनाम्यात आकडा, प्रत्येकाचं वय आणि बिल्ला वेगळा लिहिला आहे का ते सही करण्याआधी वाचा. अर्जासोबत आधार आणि बँक पासबुक लागतं; अर्जावरचं नाव पासबुकाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. २०२३ साली राज्यानं या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा केला आणि रक्कम ३० दिवसांत देण्याची, उशीर झाला तर व्याज देण्याची तरतूद आणली. महिना उलटला तर याच कायद्याचं नाव लिहून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करा आणि पोच घ्या. तोंडी चौकशीला पोच नसते.

भरपाई मिळाली तरी निदान २५ टक्के नुकसान मालकाच्या अंगावर राहतंच, म्हणून गोठा बंदिस्त करणं स्वस्त पडतं. गोठ्यात शिरण्याची नेहमीची वाट म्हणजे भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट. बिबट्याचं डोकं जाईल तिथून त्याचं अंग जातं. उघड्या वाड्याला सहा फुटांची भिंत पुरत नाही. शेळी तोंडात धरून तो तेवढं चढतो. वरून जाळी हवीच. जाळीची खालची कड फूटभर पुरा, दाराखाली फट ठेवू नका, आणि नुसता दोर बांधण्याऐवजी कडी लावा. अंगणात बांधलेलं कुत्रंही बिबट्याला ओढून आणतं. अकोले तालुक्यातल्या विष्ठेच्या अभ्यासात त्याच्या खाण्यात वजनानं ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांच्या कितीतरी वर. कुत्रं रात्री मोकळं किंवा आत ठेवा, साखळीनं बाहेर नको. ऊसतोडीत बछडी सापडली तर उचलून घरी आणू नका. वनखातं ती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतं आणि अंधार पडला की बहुधा आई येऊन नेते.

सगळ्यात जास्त सोसतो तो फिरता मेंढपाळ. त्याला पक्का गोठा नाही. वाघूर, म्हणजे वाड्याभोवती लावलेली जाळी, मेंढरांना आत ठेवते, बिबट्याला अडवत नाही. लांडगा कोकरू उचलून माळावर नेतो तेव्हा मागे मढंच राहत नाही, आणि मढ्याशिवाय दावा टिकणं कठीण. अशा वेळी लांडगा गेला त्या दिशेनं उजाडल्यावर दोघा-तिघांनी माग काढावा. लोकरीचे पुंजके, आतडी, खुराचा तुकडा, जे सापडेल त्याचा जागेवरच फोटो घ्यावा आणि वनरक्षकाला तिथंच बोलवावं. अर्ज गावाकडच्या कार्यालयात नाही, मेंढरू ज्या वनपरिक्षेत्राच्या हद्दीत मेलं तिथं करायचा असतो. वाडा दोन दिवसांत पुढं हलतो, त्यामुळे पंचनाम्याच्या कागदावर गावाकडचा पत्ता आणि चालू मोबाइल नंबर दोन्ही लिहून घ्यावेत; पैसे खात्यावर येतात, त्यासाठी परत यावं लागत नाही. दिवाळीच्या आसपास वाडा निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा नंबर मोबाइलमध्ये तालुक्याच्या नावानं साठवून ठेवा, आणि ज्याला वाचता येतं त्या पोराच्या मोबाइलमध्येही.